गच्चीवरची काठी : ऋतू का होतात, ते साताऱ्यात बसून कसं मोजायचं

डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात आमच्या साताऱ्याच्या घरात दुपारी साडेबाराच्या सुमारास ऊन दक्षिणेच्या दारातून आत शिरतं आणि उंबऱ्यापासून सहाव्या फरशीपर्यंत जातं. फरशी एक फुटाची, दार सात फुटांचं, वर छज्जा नाही. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात तेच ऊन दोन फरश्या ओलांडून थांबतं. १० मे उलटला की भरदुपारचं ऊन त्या दारातून आत येतच नाही. म्हणजे थंडीत ऊन घरभर, आणि घराची भट्टी होते तेव्हा दारात उन्हाचा पत्ता नाही! ऋतू का होतात, याचं अर्धं उत्तर त्या फरश्यांवर असतं.

मी पुष्कळ वर्षं शाळेत भूगोल शिकवला. ऋतू कशामुळे होतात असं विचारलं की वर्गातून हमखास एक उत्तर यायचं : "बाई, उन्हाळ्यात पृथ्वी सूर्याजवळ जाती, म्हणून." पुढे हीच मुलं इंजिनिअर झाली, शिक्षक झाली, तरी यातल्या कित्येकांचं उत्तर बदललं नाही. चूक मुलांची नाही. पुस्तकातल्या चित्रात पृथ्वीची कक्षा बाजूने पाहिल्यासारखी काढलेली असते, त्यामुळे ती काकडीसारखी लांबट दिसते आणि सूर्य मधोमध असूनही दोन ठिकाणी पृथ्वी जवळ, दोन ठिकाणी लांब वाटते. डोक्यात एकदा बसलेलं चित्र नुसत्या बोलण्याने पुसत नाही. स्वतः मोजलं की पुसतं. ते मोजायचं कसं, ते इथे सांगते. खर्च शून्य, पण वर्षभराचा धीर हवा.

आधी 'जवळ-लांब'चा हिशोब मिटवून टाका

कंपास घ्या आणि १० सेंटिमीटर त्रिज्येचं वर्तुळ काढा. ही पृथ्वीची कक्षा. आता सूर्याचा ठिपका केंद्रावर न देता केंद्रापासून १.७ मिलिमीटर बाजूला द्या. झालं, खऱ्या प्रमाणातलं चित्र तयार. कक्षा लंबवर्तुळाकार आहे हे खरं, पण या आकारात तिचा चपटेपणा पेन्सिलच्या रेघेच्या जाडीतच लपून जातो.

तरीही अंतर थोडं बदलतं. पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ असते ती ३-४ जानेवारीच्या सुमाराला, तेव्हा अंतर सुमारे १४ कोटी ७१ लाख किलोमीटर. सगळ्यात लांब जुलैच्या पहिल्या आठवड्यात, सुमारे १५ कोटी २१ लाख. म्हणजे आपण स्वेटर घालून शेकोटीशी बसतो तेव्हा पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते. या ५० लाख किलोमीटरांमुळे जानेवारीत पृथ्वीला जुलैपेक्षा सुमारे ७ टक्के जास्त ऊर्जा मिळते, आणि तरी आपल्याकडे थंडीच पडते. इथेच त्या उत्तराचा निकाल लागतो.

ज्यांना आकडे पटत नाहीत त्यांच्यासाठी क्रिकेट आहे. २६ डिसेंबरला मेलबर्नला बॉक्सिंग डे कसोटी सुरू होते. आपण पहाटे रजईत गुरफटून टीव्हीसमोर बसतो आणि तिकडे प्रेक्षक टोप्या घालून, अंगाला क्रीम फासून उन्हात बसलेले दिसतात. पृथ्वी एकच, सूर्यापासूनचं अंतरही एकच, पण ऋतू उलटे. अंतर हे कारण असतं तर साऱ्या पृथ्वीवर एकाच वेळी उन्हाळा आला असता.

आणि महाबळेश्वर तर आपल्याच जिल्ह्यात आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे १,३५० मीटरवर, म्हणजे साताऱ्यापेक्षा सूर्याच्या थोडं 'जवळ'. तरी मे महिन्यात लोक गारव्यासाठी तिकडेच जातात. हवा मुख्यतः खालून, तापलेल्या जमिनीकडून तापते आणि वर जावं तशी विरळ व थंड होत जाते. सूर्याकडे चार पावलं सरकल्याने काही होत नाही.

काठी रोवा

आता मुख्य कामाला लागू. एक मीटरभर लांबीची सरळ काठी किंवा पीव्हीसी पाइपचा तुकडा घ्या. वाळूने भरलेल्या कुंडीत तो उभा करा आणि गवंड्याचा ओळंबा लावून दोन बाजूंनी तपासा. ओळंबा नसेल तर दोऱ्याला नट बांधला तरी चालतो. गच्चीला पाणी जाण्यासाठी उतार दिलेला असतो आणि तो डोळ्यांना कळत नाही, म्हणून सावली थेट गच्चीवर मोजू नका. एक सपाट फळी ठेवा, खाली पुठ्ठ्याचे तुकडे सारून ती समपातळीत आणा. वर गोटी ठेवली आणि ती घरंगळली नाही, की झालं. काठीची उंची फळीच्या पृष्ठभागापासून मोजा, कुंडीच्या तळापासून नाही.

सावलीचं टोक धुरकट दिसतं. सूर्य हा ठिपका नसून तबकडी आहे, त्यामुळे मीटरभर काठीच्या टोकाशी सेंटिमीटरभर तरी अंधूक पट्टा राहतोच. यावर सोपा उपाय म्हणजे काठीच्या माथ्याला पत्त्याएवढा पुठ्ठा आडवा चिकटवायचा आणि त्याला पेन्सिलच्या टोकाएवढं छिद्र पाडायचं. सावलीच्या मध्ये उजेडाचा छोटा गोल दिसतो, त्याचा मध्य पकडायचा. छिद्राची उंची बरोबर १०० सेंटिमीटर ठेवा आणि अंतर मोजताना छिद्राच्या थेट खालच्या बिंदूपासून मोजा. सूर्याकडे मात्र नुसत्या डोळ्यांनी अजिबात बघायचं नाही, मुलांना तर आधीच बजावून ठेवा.

मोजायचं कधी? सावली सर्वांत आखूड असते तेव्हा, आणि ती बाराला आखूड होत नाही. आपलं घड्याळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर लावलेलं आहे आणि सातारा ७४ अंशांच्या आसपास आहे. दर अंशाला ४ मिनिटं धरली तर साताऱ्याची मध्यान्ह घड्याळापेक्षा सुमारे ३४ मिनिटं उशिरा येते. त्यात पृथ्वीचा कक्षेतला वेग वर्षभर सारखा नसतो आणि आसही कललेला आहे, म्हणून ही वेळ पुढेमागे होते. नोव्हेंबरच्या सुरुवातीला साताऱ्यात मध्यान्ह सुमारे १२.१८ ला होते, फेब्रुवारीच्या मध्यात १२.४८ पर्यंत लांबते. सांगलीत दोनेक मिनिटं आधी. तेव्हा १२.१० ते १२.५५ दर पाच मिनिटांनी खडूने खूण करा आणि सगळ्यांत जवळची खूण त्या दिवसाची म्हणून लिहून ठेवा.

घड्याळ न वापरता करायची एक जुनी रीत आहे आणि ती मला जास्त आवडते. आपल्याकडच्या ज्योतिर्विदांनी या काठीला शंकू म्हटलं, त्याची लांबी १२ अंगुळे धरली. काठीभोवती वर्तुळ काढायचं. सकाळी सावलीचं टोक बाहेरून आत येताना वर्तुळाला जिथे शिवतं तिथे एक खूण, दुपारी आतून बाहेर जाताना शिवतं तिथे दुसरी. या दोन खुणा जोडल्या की पूर्व-पश्चिम रेघ मिळते, आणि तिच्या मध्यातून काठीकडे जाणारी रेघ म्हणजे खरी उत्तर-दक्षिण. भर दुपारची सावली नेमकी तिच्यावर पडते. विषुवदिनी, म्हणजे दिवस-रात्र समान असतात त्या दिवशी, मध्यान्हीला जी सावली पडते तिला पलभा म्हणत. साताऱ्याची पलभा १२ अंगुळांच्या शंकूला पावणेचार अंगुळांहून किंचित जास्त येते. तिच्यावरून गावाचा अक्षांश काढत. पंचांग हातात धरून तावातावाने बोलणाऱ्या प्रत्येकाने निदान एकदा तरी ही सावली स्वतः मोजावी, असं मला मनापासून वाटतं.

वर्षभरात काय दिसेल

२१-२२ डिसेंबरला १०० सेंटिमीटर काठीची सावली साताऱ्यात सुमारे ८७ सेंटिमीटर पडते, उत्तरेकडे. २१ मार्चच्या सुमाराला ती ३२ वर येते. मग भराभर आखूडते आणि १० मेच्या आसपास एक दिवस असा येतो की काठीला सावलीच नसते. पोकळ पाइप उभा धरला तर त्याच्या तळाशी उजेडाचं पूर्ण वर्तुळ दिसतं. सांगलीत हा शून्य सावलीचा दिवस थोडा आधी, ७ मेच्या आसपास येतो.

यानंतर जे घडतं ते पाहून मोठी माणसंही चकित होतात : सावली दक्षिणेकडे पडायला लागते. सूर्य आपल्या डोक्यावरून पुढे उत्तरेला गेलेला असतो. २१ जूनला दक्षिणेकडे जवळपास १० सेंटिमीटर सावली, आणि २ ऑगस्टच्या सुमाराला पुन्हा शून्य. हा दुसरा दिवस बहुतेक वेळा ढगांत बुडतो. मला तो फार थोड्या वेळा मिळाला आहे.

"सूर्य रोज दुपारी डोक्यावर येतो" हा समज इथेच निकालात निघतो. साताऱ्यात तो वर्षातून फक्त दोनदा बरोबर डोक्यावर येतो. दिल्लीत कधीच नाही.

"सूर्य पूर्वेला उगवतो" हेही असंच. गच्चीतून जरंडेश्वराच्या बाजूची डोंगररेघ कागदावर काढून घ्या आणि दर पंधरवड्याला सूर्य कुठून वर आला तिथे तारीख लिहा. बरोबर पूर्वेला तो फक्त मार्च आणि सप्टेंबरच्या विषुवदिनांना असतो. जूनमध्ये तिथून जवळपास २५ अंश उत्तरेला, डिसेंबरात तेवढाच दक्षिणेला. हात लांब करून धरलेली मूठ सुमारे १० अंशांची, म्हणजे वर्षभरात उगवतीची जागा पाच मुठी सरकते. मावळतीसाठी यवतेश्वराची बाजू घ्या, तिकडे हाच खेळ दिसतो.

मग थंडीत ऊन कमकुवत का?

रात्री दिवे घालवा. फरशीवर चौकटीचा कागद ठेवा आणि टॉर्च बरोबर वरून धरा. उजेडाच्या गोलात किती चौकोन येतात ते मोजा. आता तेवढ्याच अंतरावरून टॉर्च तिरका करा, जमिनीशी ४९ अंशांचा कोन होईल इतका. डिसेंबरात मध्यान्हीचा सूर्य साताऱ्यात एवढ्याच उंचीवर असतो. जो उजेड ४ चौकोनांत मावत होता तो आता ५ पेक्षा जास्त चौकोनांवर पसरतो. टॉर्चची बॅटरी तीच, पण प्रत्येक चौकोनाच्या वाट्याला आलेला उजेड कमी. माझ्या दारातून ऊन सहा फरश्या आत येतं ते याच तिरकेपणामुळे. ते जास्त दिसतं, पण पातळ असतं, दुधात पाणी घालावं तसं.

दुसरी गोष्ट दिवसाच्या लांबीची. साताऱ्यात २१ जूनचा दिवस सुमारे १३ तास १० मिनिटांचा, २१ डिसेंबरचा ११ तासांना टेकलेला. तिरपेपणा आणि लांबी दोन्ही धरली, ढग बाजूला ठेवले, तर डिसेंबरात आपल्या अक्षांशावर एका दिवसात जी ऊर्जा येते ती जूनच्या साधारण ७० टक्केच भरते. जानेवारीत सूर्य जवळ असल्याने मिळणारी जादा ऊर्जा याच हिशोबात जमेला धरलेली आहे, तरी तूट भरून निघत नाही.

मोसंबी, सुई आणि ध्रुवतारा

सूर्य खालीवर का होतो, तर पृथ्वीचा आस २३.४ अंशांनी कललेला आहे म्हणून. हे वाक्य सगळ्यांना पाठ असतं. गोंधळ त्याच्या पुढे होतो. अनेकांना वाटतं, पृथ्वी उन्हाळ्यात सूर्याकडे झुकते आणि हिवाळ्यात मान वळवून उलट झुकते. तसं काही होत नाही.

मोसंब्यातून विणायची सुई आरपार घाला. टेबलाच्या मधोमध उघडा बल्ब ठेवा. सुई थोडी कलती धरा आणि तिचं वरचं टोक खोलीच्या एका कोपऱ्याकडे रोखा. आता बल्बभोवती फिरा, पण सुईचं टोक त्याच कोपऱ्याकडे राहू द्या. नव्वद टक्के मुलं इथे चुकतात. फिरता फिरता त्यांच्या हातातली सुई आपोआप बल्बकडे कलत राहते. त्यांना थांबवा, पुन्हा कोपऱ्याकडे बोट दाखवा. साताऱ्याच्या जागी टाचणी टोचा : विषुववृत्तापासून ध्रुवाच्या वाटेवर पाचव्या हिश्श्यावर. टेबलाच्या एका बाजूला टाचणीवर उजेड सरळ पडतो, समोरच्या बाजूला गेलात की तिरका. सुई जराही हललेली नसते, बदललेली असते ती फक्त तुमची जागा.

आस खरोखरच वर्षभर एकाच दिशेला असतो याचा पुरावा रात्री आकाशात मिळतो. निरभ्र रात्री पुण्याच्या दिशेला तोंड करा आणि ध्रुवतारा शोधा. साताऱ्यात तो क्षितिजापासून दोन मुठींपेक्षा थोडा कमी, साधारण १७-१८ अंशांवर दिसतो. जानेवारीत मोजा, मे महिन्यात मोजा, उंची तीच. पृथ्वी मान हलवत असती तर ध्रुवाला ध्रुव हे नावच पडलं नसतं. आसाची दिशा बदलते, पण एक फेरा पूर्ण व्हायला सुमारे २६,००० वर्षं लागतात. त्याचा संबंध पुढे संक्रांतीशी येईल.

आणखी एक चुकीचं उत्तर हुशार मुलं देतात : "आस कलल्यामुळे उत्तर गोलार्ध सूर्याच्या जवळ जातो." हिशोब करून बघा. कलण्यामुळे जूनच्या मध्यान्हीला सातारा डिसेंबरच्या मानाने सुमारे दीड हजार किलोमीटर जवळ येतो. त्याच वेळी अख्खी पृथ्वी ५० लाख किलोमीटर लांब गेलेली असते. आस कलण्यामुळे किरणांचा कोन आणि दिवसाची लांबी बदलते. ऋतू घडवणाऱ्या गोष्टी त्याच आहेत.

मग जून सर्वांत गरम का नाही?

हा प्रश्न इथल्या माणसाने विचारायलाच हवा, कारण परदेशी पुस्तकांतलं उत्तर आपल्याला लागू पडत नाही. तिकडे २१ जूननंतर महिन्याभराने उन्हाळा कळस गाठतो. गॅस बारीक केला तरी तवा लगेच निवत नाही, तशी जमीन आणि समुद्र उष्णता धरून ठेवतात. आपल्याकडे थंडीच्या बाबतीत हे दिसतं : सर्वांत लहान दिवस डिसेंबरात, पण कडाका जानेवारीपर्यंत टिकतो. उन्हाळ्याची गोष्ट वेगळी. सूर्य मेमध्येच डोक्यावर येऊन जातो, हवा कोरडी आणि आकाश मोकळं असतं, म्हणून एप्रिल-मे तापतात. मग जूनमध्ये मृग लागतो, ढग येतात आणि सूर्य झाकला जातो.

पण हे ढगही त्या कलत्या आसाचंच देणं आहे. सूर्य उत्तरेला सरकतो तसा सर्वांत तापलेला, कमी दाबाचा पट्टा भारतीय भूमीवर येतो. दक्षिण गोलार्धातले वारे विषुववृत्त ओलांडून त्याच्याकडे धावतात, पृथ्वीच्या फिरण्यामुळे वळतात आणि नैर्ऋत्येकडून, अरबी समुद्रावरचं बाष्प घेऊन आपल्यावर येतात. सह्याद्री त्यांना वर ढकलतो, वर गेलेली हवा थंड होते आणि पाऊस कोसळतो. महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिलिमीटरच्या पुढे पाऊस, आणि सरळ रेषेत शंभर किलोमीटरही नसलेल्या दहिवडीकडे ५०० च्या आसपास. डोंगर उतरलेल्या वाऱ्याकडे माणदेशाला द्यायला फारसं उरलेलं नसतं. एकाच जिल्ह्यात सूर्याचा कोन जवळपास सारखा, पण पावसाळे दोन तऱ्हेचे. म्हणून 'ऋतू' आणि 'हवामान' हे शब्द एकमेकांच्या जागी वापरू नयेत.

तासगावकडचे द्राक्ष बागायतदार हे पुस्तकाशिवाय जाणतात. एप्रिलमधल्या खरड छाटणीनंतर नव्या काडीत पुढच्या हंगामाचे सूक्ष्म घड तयार होतात आणि त्याला भरपूर, सरळ पडणारा उजेड लागतो. तेव्हाच मळभ धरून राहिलं तर पुढच्या वर्षी घड कमी. म्हणून सूर्य डोक्यावर आणि आकाश मोकळं, हे थोडे आठवडे ते जिवापाड जपतात.

संक्रांत आणि उत्तरायण

'संक्रांतीपासून दिवस तिळातिळाने वाढतो' असं आपण म्हणतो. तुमच्या वहीतली सावली मात्र सांगेल की दिवस २२ डिसेंबरपासूनच वाढायला लागलेला आहे. सूर्याचं उत्तरेकडे सरकणं तेव्हाच सुरू होतं. सुमारे १,७०० वर्षांपूर्वी मकर संक्रमण आणि उत्तरायण एकाच सुमाराला होत. संक्रांत ताऱ्यांच्या संदर्भाने मोजली जाते आणि आसाची दिशा हळूहळू फिरत असल्याने ती ऋतूंपासून साधारण ७२ वर्षांत एक दिवस सरकते. आज हे अंतर २४ दिवसांच्या आसपास आहे. सणाला यामुळे काही कमीपणा येत नाही, तिळगूळ १४ जानेवारीलाच वाटावा. पण मुलांना उत्तरायणाची तारीख सांगताना सावलीची सांगावी. १९५७ साली स्वीकारलेलं भारताचं राष्ट्रीय कॅलेंडर ऋतूंशी जुळवलेलं आहे, त्याचा चैत्र २२ मार्चला, लीप वर्षी २१ मार्चला सुरू होतो.

कॅलेंडर हातात आहेच, तर दिवसही मोजा. मार्चच्या विषुवदिनापासून सप्टेंबरच्या विषुवदिनापर्यंत १८६ दिवस, तिथून पुन्हा मार्चपर्यंत १७९. जानेवारीत सूर्याजवळ असताना पृथ्वी वेगाने धावते, म्हणून आपला थंडीकडचा अर्धा भाग आठवड्याने आखूड आहे. जवळ-लांब असण्याने काय होतं असं कोणी विचारलं, तर हा आठवडा दाखवा.

सांगलीत कोणी ओळखीचं असेल तर

२१ मार्चला त्यांनाही तेवढीच काठी लावायला सांगा. साताऱ्यात सावली सुमारे ३१.९ सेंटिमीटर येईल, सांगलीत ३०.३. दीड-पावणेदोन सेंटिमीटरचा हा फरक पृथ्वीच्या गोलाईमुळे पडतो. सावलीला उंचीने भागा, आलेल्या आकड्यावरून कॅल्क्युलेटरच्या tan⁻¹ बटणाने दोन्ही गावांचे कोन काढा, त्यांची वजाबाकी ०.८३ अंशांच्या आसपास यावी. दोन गावांमधलं उत्तर-दक्षिण अंतर नकाशावर मोजा, ते सुमारे ९२ किलोमीटर भरतं. त्याला त्या फरकाने भागून ३६० ने गुणलं की पृथ्वीचा परीघ ४०,००० किलोमीटरच्या जवळपास यायला हवा. मापात अर्ध्या सेंटिमीटरची चूक झाली तरी उत्तर हजारो किलोमीटरने बिघडतं, म्हणून दोन्हीकडे दोन मीटरचा पाइप घ्या, १९ ते २३ मार्च रोज मोजा, आणि संध्याकाळी फोनवर त्याच दिवसाचे आकडे एकमेकांना वाचून दाखवा.